ड्रॉट्निंगहोल्म : स्टॉकहोमला येताय तर 'वेळ मिळाला तर' मध्ये टाकू नका

उत्तरध्रुवी

दर उन्हाळ्यात व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतात, "ताई जुलैत येतोय, काय काय बघू" आणि सोबत यादी असते, त्यात व्हासा जहाज, गामला स्तान म्हणजे जुनं शहर, नोबेल म्युझियम आणि अगदी शेवटी ड्रॉट्निंगहोल्म राजवाडा, पुढे 'वेळ मिळाला तर'. म्हणून म्हटलं एकदाचा धागाच काढावा, पुढच्या वेळी लिंक चिकटवून मोकळी. माझं मत आधीच सांगते, राजवाड्याच्या आतल्या खोल्या भराभर उरका, पण बाग, चिनी महाल आणि नाटकाचं थिएटर या तिघांना मिळून अख्खा दिवस द्या.

जायला दोन रस्ते. सिटी हॉलच्या शेजारच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात बोट सुटते, मेलारेन तलावातून साधारण तासाभरात पोचते. दुसरा म्हणजे मेट्रोची हिरवी लाईन पकडून ब्रोमाप्लान आणि तिथून बस, एसएलच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या, नेहमीच्या तिकिटात. जाताना बोट आणि येताना बस असं करा, कारण हा वाडा पाण्यावरून येणाऱ्या माणसावर छाप पडावी म्हणूनच बांधलाय, बसने गेलात तर एकदम कुशीतून आत शिरता आणि सगळी मजा जाते.

इतिहास थोडक्यात. 1661 साली हेडविग एलिओनोरा या राणीने ही जागा घेतली. नवरा, दहावा कार्ल गुस्ताव, आदल्याच वर्षी गेलेला, बाईचं वय पंचविशीच्या आतबाहेर, पदरात लहान मुलगा आणि त्याच्या नावाने चालणारा कारभार. घेतला आणि वर्ष संपायच्या आत जुना वाडा जळून खाक! दुसरी कोणी हाय खाऊन बसली असती, हिने निकोडेमस टेसिनला बोलावून 1662 ला नवीन बांधायला काढला. थोरला टेसिन 1681 ला वारला, मग त्याच्या मुलाने, त्याचंही नाव निकोडेमस टेसिनच, काम पुरं केलं.

आत दोन गोष्टींपाशी थांबा. एक जिना. भिंतींवर खांब, कमानी आणि त्यापलीकडे आणखी दालनं दिसतात ती सगळी रंगवलेली आहेत, खरं प्लास्टर कुठे संपलं आणि चित्र कुठे सुरू झालं हे अगदी जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही, माझा मुलगा तर हात लावायला निघाला होता, गार्डने डोळे वटारले. दुसरी राणीची झोपायची खोली, म्हणायला झोपायची, प्रत्यक्षात पाहुण्यांवर इंप्रेशन मारायची. आधी नवऱ्याच्या दुखवट्यापायी ती काळ्या रंगात सजवलेली होती, पुढे निळी आणि सोनेरी केली. बाकी लढायांची चित्रं, तसबिरी, झुंबरं हे युरोपात पाच वाडे बघितलेल्या माणसाला पाठ असतं. सध्याचे राजाराणी 1981 पासून इथेच राहतात, दक्षिणेकडच्या भागात, तो बंद असतो.

बाग वर्षभर उघडी आणि फुकट. चिनी महाल मात्र फक्त उन्हाळ्यात आणि थिएटर आतून बघायचं तर गाईडेड टूरच घ्यावी लागते. 1991 पासून हे सगळं मिळून युनेस्कोच्या यादीत आहे, स्वीडनमधलं पहिलं. विचारा काय विचारायचंय ते.

फिरस्ता_नाशिक

मस्त धागा. आम्ही गेलेलो पण टूरवाल्याने दीड तास दिला, त्यात अर्धा तास बायकोच्या फोटोत आणि वीस मिनिटं टॉयलेटच्या रांगेत गेली. चिनी महाल कुठे होता ते आत्ता कळतंय. टूरवाल्याचं नाव घेत नाही, जाऊ दे.

बागवान

दीड तासात चिनी महाल होणारच नाही हो, तो बागेच्या पार टोकाला झाडीत आहे, रमतगमत गेलं तर वीस मिनिटं सहज.

माझा विषय बाग म्हणून थोडं लिहितो. इथे शेजारी शेजारी दोन वेगळ्या काळांच्या बागा आहेत आणि ते कळलं तर चालायला जास्त मजा येते. वाड्याच्या बरोब्बर मागे आहे ती हेडविग एलिओनोराच्या काळची बरोक बाग, सगळं फ्रेंच पद्धतीचं, मधोमध सरळ रेघ, दोन्हीकडे आरशात बघितल्यासारखं सारखं. आधी बुटक्या कुंपणांची नक्षी, मग हर्क्युलिसचं कारंजं, मग पाण्याच्या पायऱ्या नि कारंजी आणि पुढे उंच हेजमध्ये कापून काढलेल्या खोल्या. ही नक्षी जमिनीवरून नीट दिसतच नाही, वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघायची असते, त्यामुळे वाड्याचं तिकीट काढलंत तर खोल्यांपेक्षा खिडक्यांबाहेर जास्त बघा. आज दिसते ती बाग बरीचशी विसाव्या शतकात, सहावा गुस्ताव अडॉल्फ राजा असताना, जुन्या नकाशांवरून परत उभी केलेली आहे. मधल्या काळात लोकांना असली कडक बाग नकोशी झाली होती, कुंपणं वाढून रान झालेलं.

उजव्या अंगाला जाल तर एकदम सगळं सैल होतं. तळी, छोटी बेटं, पूल, हिरवळीचे चढउतार आणि वाट अशी की पुढचं वळण दिसू नये. 1777 ला तिसऱ्या गुस्तावने वाडा हातात घेतला आणि फ्रेडरिक मॅग्नस पीपर नावाच्या माणसाकडून ही इंग्लिश बाग करून घेतली, पीपर इंग्लंडमध्ये जाऊन शिकून आलेला. बघायला जंगल वाटतं पण एकेक झाड मोजून मापून लावलेलं आहे.

दोन्हीकडे लिंडनच्या झाडांच्या रांगा आहेत. जुलैत फुलतात तेव्हा खाली उभं राहून वर बघा, फूल बारीक, पिवळट, दिसतही नाही धड, पण वास मधासारखा आणि मधमाश्यांचा एवढा आवाज की आधी कुठेतरी ट्रान्सफॉर्मर आहे असं वाटतं.

पायात बूट घाला, सगळीकडे बारीक खडी आहे. आणि हिरवळीवर बसण्याआधी खाली बघा, बदकांच्या आणि हंसांच्या कृपेने...

मोगरा

=)) शेवटची ओळ महत्त्वाची, आमची चादर वाया गेली.

पंतसचिव

बागवान यांनी हर्क्युलिसचं नाव काढलंच आहे तर त्याची कुंडली सांगतो. तो हर्क्युलिस आणि बागेतले बहुतेक ब्राँझचे पुतळे स्वीडिश नाहीतच. आद्रियान द व्हरीस नावाचा डच शिल्पकार, त्याने प्रागमध्ये वालेनस्टाईन सरदाराच्या बागेसाठी केलेले ते पुतळे. 1648 साली तीस वर्षांचं युद्ध अगदी संपायला आलेलं, तिकडे तहाची बोलणी चाललेली आणि इकडे स्वीडिश फौज प्रागच्या डाव्या तीरावर घुसली आणि मिळेल ते गाड्यांवर घालून उत्तरेकडे पाठवलं. आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ते प्रचंड मोठं 'कोडेक्स गिगास' हस्तलिखित आहे ना, ज्यात सैतानाचं चित्र आहे, ते त्याच लुटीतलं.

दुसरा हप्ता डेन्मार्कचा. 1658 च्या हिवाळ्यात समुद्र गोठला, दहाव्या कार्ल गुस्तावने सैन्य घोड्यांसकट बर्फावरून डॅनिश बेटांवर नेलं. हे खरंय, बर्फ फुटून काही माणसं घोडे बुडालेही. त्यानंतर लगेच झालेल्या दुसऱ्या युद्धात डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबोर्ग वाड्यातलं नेपच्यूनचं कारंजं उचललं, तेही द व्हरीसचंच, आणि त्याचे पुतळे इथे आले. म्हणजे नवऱ्याने लुटून आणलं आणि बायकोने बागेत मांडलं.

आता बागेत उभ्या आहेत त्या प्रती. मूळ पुतळे पावसात बर्फात खराब व्हायला लागले म्हणून वाड्यासमोरच्या जुन्या तबेल्यात हलवले, तिथे 2001 पासून द व्हरीसचं म्युझियम आहे. ज्यांना शिल्पात रस आहे त्यांनी तिथे जावं, पुतळ्याभोवती फिरून पाठ बघता येते, बागेत ते जमत नाही.

फिरस्ता_नाशिक

म्हणजे सरळ सरळ चोरीचा माल. आणि युनेस्कोचा शिक्का वर!

पंतसचिव

लूट म्हणा, चोरी म्हणू नका, त्या काळी ती राजरोस होती आणि कोणी लपवलीही नाही. गंमत म्हणजे प्रागच्या वालेनस्टाईन बागेतही आज प्रतीच उभ्या आहेत. म्हणजे एकाच पुतळ्याच्या प्रती दोन देशांत उन्हात आणि खरा तिसऱ्या ठिकाणी छपराखाली.

सह्यकडा

राजरोस होती म्हणून परत द्यायची नाही हा कुठला न्याय? मग कोहिनूरबद्दल आपण तरी का ओरडतो. साताऱ्याला 2024 मध्ये वाघनखं आली तीसुद्धा तीन वर्षांसाठी उसनी, लंडनच्या म्युझियमने 'देतो' नाही म्हटलं, 'बघायला देतो' म्हटलं.

पंतसचिव

वाघनखांवर इथे घसरलो तर धाग्याचं काश्मीर होईल, त्यासाठी वेगळा धागा आहे. पण मुद्दा मान्य. फक्त एक फरक बघा, कोहिनूर वसाहतीच्या सत्तेखाली दहा वर्षांच्या पोराकडून लिहून घेतला, आणि हे दोन बरोबरीच्या राज्यांचं युद्ध. उद्या आपल्या सरदारांनी उत्तरेतून आणलेल्या वस्तू परत मागितल्या तर आपण काय म्हणू, याचाही विचार करा.

सह्यकडा

वसईच्या घंटा आल्या डोळ्यासमोर. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतल्यावर आणलेल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली त्यातलीच म्हणतात. ठीक आहे, अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच.

फिरस्ता_नाशिक

आमच्या घंटेला हात लावायचं काम नाही!! :)

कोपनहेगनकर

पलीकडच्या बाजूने सांगतो. फ्रेडरिक्सबोर्ग हे हिलेरोडला, कोपनहेगनहून एस-टोगने, म्हणजे लोकलने, जाता येतं, तळ्यातल्या तीन बेटांवर बांधलेला वाडा, चौथ्या क्रिस्तियानचा. अंगणात नेपच्यूनचं कारंजं आहे, पण ते 1888 चं, स्वीडनने नेलेल्याची प्रत. डॅनिश मित्र दाखवताना दरवेळी "ओरिजिनल शेजाऱ्यांकडे आहे" म्हणतात आणि आपण त्याबद्दल काही बोलावं अशी वाट बघतात.

ज्यांना दोन्ही देश करायचेत त्यांनी दोन्ही वाडे बघाच. मला विचाराल तर बाहेरून फ्रेडरिक्सबोर्ग भारी, लाल विटा, हिरवे तांब्याचे कळस. 1859 ला आतून मोठी आग लागली होती, मग कार्ल्सबर्ग बिअरच्या जेकबसेनने पैसे घातले आणि आत राष्ट्रीय इतिहासाचं म्युझियम झालं. तिथलीही बरोक बाग मेलेली होती, 1990 च्या दशकात परत केली.

तंजावरचा_पाहुणा

चौथा क्रिस्तियान म्हणजे तोच ना ज्याच्या काळात 1620 ला डेन्मार्कने तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची तरंगमबाडी घेतली? तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार झाला होता आणि नायकाने सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं पत्र पाठवलं, ते अजून डेन्मार्कच्या सरकारी दप्तरात आहे. पुढे तंजावर आपल्या भोसल्यांकडे आलं आणि डॅनिश लोकांचं भाडं, नजराणे, भांडणं सगळं मराठी दरबाराशी व्हायला लागलं. सरफोजीराजे दुसरे यांना शिकवणारा श्वार्त्झ पाद्री हा तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधूनच आलेला. अवांतर आहे माहितीये पण राहवलं नाही.

उत्तरध्रुवी

असलं अवांतर चालतं, लिहा हो.

चिनी महालाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, माझी सगळ्यात आवडती जागा आहे ती. लोविसा उलरिका ही प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटची बहीण, 1744 ला लग्न करून इथे आली आणि ड्रॉट्निंगहोल्म तिला लग्नातली भेट म्हणून मिळालं. 1753 च्या जुलैत तिच्या वाढदिवसाला नवऱ्याने, अडॉल्फ फ्रेडरिकने, सरप्राईज दिलं. स्टॉकहोममध्ये गुपचूप लाकडी महालाचे भाग तयार करून बोटीने आणले आणि झाडीत जोडले. बाईंना फिरायला म्हणून तिकडे नेलं तर समोर चिनी महाल, आणि सात वर्षांचा युवराज चिनी राजपुत्राच्या कपड्यात किल्ल्या घेऊन उभा! तोच पुढचा तिसरा गुस्ताव, नाटकाचं वेड तिथूनच असणार.

घाईत केलेलं लाकूडकाम दहा वर्षांत कुजायला लागलं, मग 1763 पासून आत्ताचा पक्का महाल बांधला. बांधणाऱ्यांपैकी कोणी चीन बघितलेला नव्हता त्यामुळे छपराला ड्रॅगन आणि घंटा पण खालचा आकार पक्का फ्रेंच. आतलं सामान मात्र खरं, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं चीनच्या कँटन बंदरातून आणायची ते कागद, लाखकाम, चिनी मातीची भांडी. बाजूला चार छोट्या इमारती आहेत. एकीत जेवणाचं टेबल खालच्या स्वयंपाकघरातून वाढून तयार होऊन दोरांनी वर यायचं, म्हणजे नोकर खोलीत नकोत, गप्पा ऐकू जायला नकोत. राजाला लाकूड कातायचा नाद होता, त्याची लेथही इथेच आहे. राज्य कोणी चालवायचं तर संसदेतले सरदार, मग राजा काय करणार, लेथ चालवणार.

जवळच कँटन नावाची चिमुकली वस्ती आहे, तिथे राणीने तुतीची झाडं लावून रेशीम काढायचा घाट घातला होता. स्टॉकहोमच्या थंडीत! अर्थातच जमलं नाही.

2010 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री महालात चोरी झाली, काचा फोडून पाचसहा मिनिटांत वस्तू उचलून पसार. सह्यकडा, ही मात्र चोरीच.

खवय्या

अडॉल्फ फ्रेडरिक म्हणजे तोच का जो खाऊन खाऊन मेला?

पंतसचिव

तोच. फेब्रुवारी 1771. लॉबस्टर, कॅव्हिआर, आंबवलेला कोबी, शँपेन असं भरपेट जेवण आणि वर गरम दुधातला पाव, आज ज्याला सेमला म्हणतात त्याचा पूर्वज. किती खाल्ले याचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढत जातो. स्वीडनमधल्या पोरांना इतर राजे नाही आठवले तरी हा आठवतो.

विंगेतला

आम्ही कोल्हापूरची माणसं, आम्हाला थिएटरबद्दल बोलू द्या. दोन वर्षांपूर्वी टूर घेतली आणि गाईड पुढच्या खोलीत गेली तरी मी तिथेच.

1766 चं थिएटर, लोविसा उलरिकानेच बांधवलं, वास्तुकार आडेलक्रांत्झ. आधीचं 1762 ला जळालं होतं, चालू खेळात. बाहेरून बघाल तर एखादी कचेरी वाटेल. आतला संगमरवर म्हणजे लाकडावर रंग, नक्षी कागदाच्या लगद्याची, सगळं स्वस्तातलं, आणि त्यामुळेच की काय आवाज असा घुमतो की बस. स्टेज जवळजवळ 20 मीटर खोल, प्रेक्षक 400 च्या आसपास. मागच्या बाकांवर कुठल्या दर्जाच्या नोकराने बसायचं तेही लिहिलेलं आहे.

खरी गंमत स्टेजखाली. तिथे लाकडाचा मोठा उभा रहाट आहे, जहाजावर नांगर ओढायला असतो तसला. त्याला दोरखंड, दोरखंडांना विंगांच्या गाड्या. खाली माणसं रहाट फिरवतात आणि वर दोन्हीकडच्या सगळ्या विंगा एकदम सरकतात, जंगल आत जातं राजवाडा बाहेर येतो, पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या देखत, काही सेकंदांत. लाटांसाठी पिळाचे लांब दंडगोल, रंगवलेले, हँडल फिरवलं की समुद्र हलतो. गडगडाटाला वर टांगलेली लाकडी पेटी, आत दगडगोटे, दोरीने कलती करायची. वाऱ्याला कापडावर घासणारं लाकडी पिंप. आणि देव ढगात बसून खाली येतात तो पाळणा. हे सगळं चालू आहे हो! मूळ यंत्रं, मूळ लाकूड, इटालियन मेस्त्री दोनातो स्तोपानीने केलेलं.

टिकलं कसं तर दुर्लक्षामुळे. तिसऱ्या गुस्तावला 1792 च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरात मुखवट्यांच्या नाचात गोळी घातली, तेरा दिवसांनी तो गेला आणि इथलं थिएटर बंद पडलं. कोणी पाडलं नाही, कोणी गॅसबत्ती घातली नाही, कोणी वीज घेऊन 'सुधारणा' केली नाही. अडगळीचं सामान ठेवायचे. 1921 ला आग्ने बेयर नावाचा अभ्यासक एक चित्र शोधत आत आला आणि धुळीखाली अख्खं थिएटर सापडलं. पडदे, विंगा, दोर सगळं जागच्या जागी. दोर बदलले, वीज घेतली ती मेणबत्तीसारखी थरथरणारी, आणि 1922 पासून परत सुरू. दर उन्हाळ्यात ऑपेरा होतात.

तिथे उभा असताना डोक्यात फक्त केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी 1915 ला बांधलेलं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. बाबूराव पेंटरांचे हात ज्या गावात नाटकाच्या पडद्यांवर फिरले तिथल्या किती पडद्यांची आज नीट घडी घालून ठेवलीये, मला कोणी सांगेल का? तिकडे अडीचशे वर्षांचं लाकूड अजून वापरात आहे आणि आगीची भीती एवढी की टूरमध्येही माणसं मोजून आत सोडतात.

मोगरा

विंगेतला, काटा आला वाचून. आम्ही थिएटर 'बंद दिसतंय' म्हणून पुढे गेलो होतो.

बागवान

बंदच दिसतं ते, टूरची वेळ झाली की दार उघडतात. उन्हाळ्यात इंग्रजी टूर असतात, तिकीट आधी काढा, जागा संपतात.

नवी_पालवी

उत्तरध्रुवी ताई, सासूबाई सोबत आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, आणि दीड वर्षाचं बाळ बाबागाडीत. सगळं जमेल का? की थिएटर आणि वाडाच करू?

उत्तरध्रुवी

सगळं नको. वाडा खोल्याखोल्यांतून चालायचाच आहे आणि जिने आहेत, तोच गाळा. बसने जा, स्टॉप जवळ आहे. आधी थिएटरची टूर, ते प्रवेशद्वाराच्या जवळच पडतं, सासूबाईंना बसायला मिळतं. मग बरोक बागेच्या कडेने लिंडनखालून सावकाश, बाकं आहेत. त्या दमल्या तर त्यांना आणि बाळाला कारंज्यापाशी बसवून तुम्ही दोघं आळीपाळीने चिनी महाल करून या. खडीवर बाबागाडीची चाकं रुततात, मोठ्या चाकांची असेल तर बरं. डबा नेलात तरी कोणी काही म्हणत नाही, आम्ही पोळीभाजीचे रोल नेतो, आणि जॅकेट जुलैतही हवंच, तलावावरून वारा येतो.

नवी_पालवी

धन्यवाद ताई, हेच करते. आणि ती राजाला मारणारी सेमला तिथल्या कॅफेत मिळेल का? नवऱ्याने सकाळपासून तेवढंच लक्षात ठेवलंय.

उत्तरध्रुवी

जुलैत नाही मिळायची, तिचा सीझन जानेवारी ते ईस्टर. वॉफल घ्या, क्रीम आणि जॅम घालून. आणि नवऱ्याला म्हणावं एकच.